दोन कुलपांआडची रोपं

२ मार्च
पश्चिमेला सकाळपासून काळंशार. गारपिटीचा इशारा मोबाईलवर येऊन येऊन राहिला. प्रकाश म्हणाला, शेडनेटच्या चिंध्या होतील, रोपं हलवू. नर्सरीसमोर, रस्त्यापलीकडं जुनं कापसाचं गोदाम रिकामंच आहे. दगडी भिंती, वर स्लॅब, खिडकी एक नाही. मालक बालाजीराव. फोन केला तर लगेच आले, शटर वर करून दिलं. "ठेवा ताई, तुमचंच समजा."
दिवसभर छोटा हत्ती टेम्पोच्या फेऱ्या. तांड्यावरच्या बायांच्या गटाची ड्रॅगन फ्रूटची रोपं सगळ्यात आधी. मग ऊस, झेंडू, मिरची, हळदीच्या पिशव्या, कोरफड, पानफुटी. कंबर कामातून गेली. ड्रॅगनची मदर प्लँट, जिची कटिंग काढते ती, खांबावर चढलेली, ती कुठं हलवणार. राहिली बाहेर.

३ मार्च
गारा. लिंबाएवढ्या. थोडाच वेळ, पण पुरला.
मदर प्लँटचा चोथा झालाय. हाताला हिरवा चिकट गाळ. लग्नानंतर इथं फाट्यावर आले तेव्हा लावलेली, माझी पहिली झाडं. रडले नाही. दोन धड तुकडे तेवढे कपांत खोचले, बाकी सुपलीनं भरून टाकली.
प्र. म्हणाला, "बरं झालं, रोपं हलवली." तेवढंच धरून बसलो दोघं.
आता ड्रॅगन म्हणजे गोदामात आहे तेवढंच. नवी कटिंग काढायला झाड उरलं नाही.

५ मार्च
झाडझूड करून रोपं परत आणायला गेलो तर शटरला दोन कुलपं!
एक बालाजीरावांचं. दुसरं त्यांच्या धाकट्या भावाचं, मारोतरावांचं. गोदाम दोघांचं सामाईक, वाटणी अजून झाली नाही, अन् आम्ही विचारलं एकट्या थोरल्याला. धाकट्याला ते लागलं, त्यानं कुलूप ठोकलं. ते बघून थोरल्यानं त्यावर आपलं ठोकलं.
मारोतराव: "त्यानं आधी काढावं, मंग मी."
बालाजीराव: "मी थोरला. आधी मी काहून काढू?"
आत जिवंत झाडं आहेत म्हटलं. थोरले हसले. "झाडं कुटं पळून चालली, ताई?"

९ मार्च
गावातली चार शहाणी माणसं मध्ये पडली. चहा झाला, पान झालं, कुलपं तशीच.
शेवंताबाई आल्या, सेनगावकडच्या तांड्यावरून, जीप बदलत. गट त्यांचाच. खांब रोवून झालेत त्यांचे, वर वेल टेकायला टायर बसवले, ठिबक अंथरली. नुसती रोपं यायची बाकी. शटरला तळहात लावून उभ्या राहिल्या बराच वेळ, आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा.
"आत मिट्ट अंधार आसंल ना गं?"
"व्हय."
"जगतीन?"
जगतील म्हणाले. ठामपणे. त्या गेल्यावर स्वतःलाच विचारलं. कशाच्या जोरावर बोलले मी?

१० मार्च
कशाच्या जोरावर ते आज भांडी घासताना सापडलं.
कुरुंद्याहून हिंगोलीला एसटीनं ये-जा करून बी.एस्सी. केलं, त्यातलं बरंच वाहून गेलं. पण हे राहिलंय. ऊस, मका, ज्वारी म्हणजे सी-फोर. भर उन्हात दौडणारी, भूक पण तेवढीच मोठी. झेंडू, मिरची, हळद, सोयाबीन सी-थ्री, मधली. अन् निवडुंगाच्या जातीची ती कॅम. दिवसा तोंड गच्च मिटून बसायचं, हवा आत घ्यायची ती रात्री, आंबट करून साठवायची, मग दिवसा उजेडात तिची साखर. ड्रॅगन त्यांतलं. कोरफड, पानफुटी पण.
उजेडच नसेल तर साखर कुणीच करू शकत नाही. मग प्रश्न एवढाच, कुणाचा खर्च कमी अन् कुणाची शिदोरी मोठी.
कॅमवाल्यांचा खर्च कमी. हे नक्की. किती दिवस पुरेल हे कुठं शिकवलं नव्हतं. की शिकवलं अन् मी झोपले होते.

११ मार्च
घरातली पत्र्याची कोठी रिकामी केली. ज्वारी पोत्यात. सासूबाईंच्या फोटोकडं न बघता.
कोठीत ठेवलं: मक्याचे कोंब आलेले कप (गुरांसाठी पेरलेले), झेंडूची दोन रोपं, अंकुरलेला हळदीचा कंद, दारातली कोरफड, अन् गारांतून वाचलेले ड्रॅगनचे ते दोन तुकडे, मुळं फुटू लागलेले. झाकणाच्या फटीला गोधडी.
प्र. म्हणाला, "हे काय करून राहिलीस?"
"गोदाम घरात आणलं."

१५ मार्च
कोठी उघडायची म्हणजे खोलीचं दार-खिडकी बंद, मोबाईलच्या टॉर्चला हिरव्या जिलेटिनच्या तीन घड्या. हिरवा उजेड झाडांच्या फारसा कामाचा नसतो, म्हणून.
मका लांबच लांब, पांढुरका, मान टाकलेला. बाकी ठीक.

१८ मार्च
मका संपला. झेंडूची खालची पानं पिवळी. पाहताना अंगावर काटा आला, झाड स्वतःचीच पानं खात असतं अशा वेळी. खालचं मोडून वरचं जगवायचं.
ड्रॅगन जसाच्या तसा. कोरफड तर माझ्याकडंच बघतेय, काय काम आहे म्हणून.
पण कोठी गोदामाच्या आठवडाभर मागं. इथं आज मेलं ते तिकडं आधीच मेलं. ऊस गेला, धरून चालायचं.

२२ मार्च
शेवंताबाईंचा फोन. गटातल्या काही बाया म्हणतात, दुसरीकडून रोपं घ्या, एक एजंट आलाय, गाडी तांड्यावर पोचवतो म्हणे.
"मी थांबवलं हाय. पर किती थांबवू?"
प्र. पण तेच. "घेऊ दे त्यांना. आपलं काय जातं? नाव तरी खराब व्हणार न्हाई."
मी म्हटलं, जिवंत आहेत रे. तो म्हणाला, "तू आत जाऊन आलीस का?"
जेवले नाही. मग जेवले.

२६ मार्च
ड्रॅगनचा एक तुकडा मऊ पडला. खालून तपकिरी, दाबलं तर पाणी.
दुसरा टणक. फरक काय? दोघं एकाच झाडाचे, एकाच कोठीत. मग आठवलं. मऊ पडलेल्याच्या कपात कोठीत ठेवायच्या आधी मीच पाणी घातलं होतं, सवयीनं. टणकाचा कप कोरडा राहिला होता.
अंधारानं मेला नाही. पाण्यानं मेला. काम बंद असताना मुळाशी पाणी, सडणारच.
धावत बाहेर. "प्रकाश, गोदामात ठेवल्यावर पाणी मारलं होतंस?"
त्यानं हातातलं खुरपं खाली ठेवलं. "ड्रॅगनच्या मागच्या दोन रांगांना. म्हटलं, नव्या जागी तकलीफ नको." 
मागच्या दोन रांगा. म्हणजे पुढच्या सगळ्या कोरड्या! मी त्याला चिडायच्या ऐवजी टाळी दिली. त्याला काही कळेना.

३० मार्च
पुन्हा दोन्ही भावांच्या दारात. मारोतराव जेवत होते, ताट सरकवून म्हणाले, "ताई, तुमच्याशी माझं काही न्हाई. जेवून जा. पर कुलूप न्हाई." जेवून आले. हळद घातलेली ताकाची कढी, फार चांगली होती. राग आला कढीचा.
कोठी: झेंडू गेला. हळदीचा कोंब पांढरा, वीतभर, पण कंद घट्ट. हळद सी-थ्रीच, तरी टिकली. शिदोरी जमिनीत पुरून ठेवलेली तिची. म्हणजे नुसती जात बघून चालत नाही, गाठीला काय आहे तेही बघावं लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी कोठीत पाहिलं. केवढा आनंद झाला. मूर्खासारखी एकटीच हसत बसले.

३ एप्रिल
आज घडलं ते नीट लिहिते.
दुपारी गयाबाई आल्या, बालाजीरावांची बायको. घाईत. "पानफुटीची पानं देता का? ह्यांना मुतखड्यानं लई तकलीफ चालली. डॉक्टरच्या गोळ्या चालू हायत, पर ह्यांचा इश्वास पानफुटीवर."
म्हटलं, आहेत की भरपूर.
"मंग द्या."
"तुमच्याच गोदामात आहेत. कुलपाआड."
गयाबाईंनी एकदा गोदामाकडं बघितलं. मग पदर तोंडाला लावून जे हसायला लागल्या ते थांबेनात. मलाही आवरेना. 
हसू ओसरल्यावर मी त्यांना कोठी दाखवली. टणक ड्रॅगन हातात दिला. उजेड पाहिला नाही त्यानं इतके दिवस, म्हटलं. त्यांनी तो उलटसुलट केला, काटे चाचपले. "जित्ता हाय की." मग शेवंताबाईंचं सांगितलं, रोवलेले खांब, वाट बघणाऱ्या बाया.
"रुक्मिण अन् मी रोज संगच हळद शिजवतो," त्या म्हणाल्या. रुक्मिण म्हणजे मारोतरावांची बायको, त्यांची धाकटी जाऊ. "भांडण ह्यांचं हाय. आमचं कवा होतं?"

६ एप्रिल
उघडलं!!
दोघं भाऊ हळद घेऊन वसमतच्या मोंढ्यात गेलेले, वेगवेगळ्या टेम्पोत. दोघी जावा भर दुपारी गोदामापुढं. गयाबाईंच्या कमरेला एक किल्ली, रुक्मिणच्या बटव्यात दुसरी. आधी कुणी काढायचं? रुक्मिण म्हणाली, "बाई, एकदमच." दोघींनी दोन कुलपांत किल्ल्या घातल्या, एकमेकींकडं बघितलं, फिरवल्या.
मी ओरडले, शटर पूर्ण नको! हातभरच. ऊन एकदम आत नको. वाकून आत गेलो. प्र., मी, शेवंताबाई. त्यांना काल फोन केला होता, पहाटेच्या गाडीनं निघाल्या.
आधी वास. कुबट, मेलेल्या पानांचा. ऊस सगळा वाळलेलं गवत. मिरची नुसते दोरे. झेंडू नाहीच. शेवंताबाईंनी माझा हात धरला, घट्ट, दुखेल असा.
मग ड्रॅगन. पुढची रांग. हात लावला. टणक. पुढचा. टणक. पुढचा. टोकांना पांढरे, बोटाएवढे बारीक कोंब निघालेले, अंधारात उजेड शोधत गेलेले, सगळे शटरच्या फटीकडं वळलेले. एवढीशी फट, खालची.
"टणक," मी म्हणत गेले, अन् शेवंताबाई माझ्यामागं हात लावत "टणक" म्हणत आल्या. रांगेमागून रांग. मागच्या दोन सडल्या. बाकी सगळी उभी. सगळी!
शेवंताबाईंनी तिथंच, गोदामात, त्यांच्या गोरमाटी बोलीत काहीतरी गायला सुरुवात केली. अर्थ विचारला नाही. टाळ्या वाजवल्या. जावांनी पण.

६ एप्रिल, संध्याकाळी
भाऊ परत आले. बालाजीराव रस्त्यातूनच, "कुणाला इचारून उघडलं?"
गयाबाई: "तुमच्या मुतखड्याला."
मारोतरावांना हसू फुटलं. ते लपवायला ते दुसरीकडं बघायला लागले. थोरल्यानं ते बघितलं. रोपं रस्ता ओलांडून येत होती. थोड्या वेळानं मारोतरावांनी एक क्रेट उचलला. मग थोरल्यानं त्याला हात लावला. एकमेकांशी बोलले नाहीत, पण क्रेटची दोन टोकं धरून चालले.

७ एप्रिल
दोन पदरी शेडनेट, त्यावर जुन्या साड्या. प्र.ला सांगून ठेवलं, ऊन नाही, पाणी नाही. उपाशी माणसाला एकदम पंगतीत बसवत नाहीत. पाणी देईन ते मी देईन, घोटभर. पांढरे कोंब कापून टाकले, ते दुबळेच राहणार.
पानफुटीचं पान चावून बघितलं सकाळी. पाणचट. एरवी सकाळी चिंचेसारखं आंबट लागतं, रात्रभर साठवलेलं असतं म्हणून. आता साठवायलाच काही नाही. जिवंत आहे, पण काम बंद.
गयाबाईंना सांगितलं, थोडं थांबा, पानं अजून अशक्त आहेत. बालाजीराव म्हणे सारखं विचारतात.

१० एप्रिल
पाणचट.
एक साडी काढली वरून.

१२ एप्रिल
पाणचटच. की जरा...? प्र.ला चावायला दिलं. "पाला लागतो," म्हणाला. त्याचा उपयोग नाही.
झोप नीट नाही. टणक आहेत म्हणजे जगलीच असं नाही ना. वेलीवरून तोडलेला भोपळाही टणक असतो महिनाभर. तांड्यावर नेऊन लावली अन् तशीच खांबाला उभी राहून वाळली तर?

१४ एप्रिल, जयंती
पांढरी साडी नेसून निघायच्या आधी नेटखाली गेले. पान तोडलं. चावलं.
आंबट!
जीभ आत ओढली गेली, डोळे मिटले. इतकी आंबट चव आयुष्यात गोड लागली नव्हती. रात्री हवा घेतली त्यांनी. साठवली. काम सुरू!
ड्रॅगनचा एक टवका पण चावला, चिकट, बेचव, पण मागून तीच आंबट कड. प्र.ला झोपेतून उठवून तोंडात कोंबला. त्यानं तोंड वाकडं केलं अन् मग एकदम उठून बसला. "आंबट हाय की गं!"
मिरवणुकीत दिवसभर नाचले. कुरुंद्याहून भाऊ आला होता, म्हणाला, "ताई, यंदा काय झालंय तुला?" म्हटलं, बाबासाहेबांना सांगितलंय, तुला नंतर सांगते.

१५ एप्रिल
शेवंताबाईंना फोन करून चव सांगितली. सगळं समजावलं, रात्रीचा श्वास, दिवसाची साखर. त्या ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "म्हंजी आमच्यावानी. दिवसा तोंड बंद, रात्री घरची कामं." 
एजंटला त्यांनी परत पाठवला.
गयाबाईंना पानं दिली, ओंजळभर, आंबट. बालाजीरावांनी चहाच्या टपरीवर सांगितलंय म्हणे, आमच्या गोदामाची हवाच तशी, झाडं मरत नाहीत.

२८ एप्रिल
नवे कोंब. हिरवे, जाड, तीन धारी. पांढरे नाहीत. रोज सकाळी चक्कर मारून मोजत नाही, नुसती बघत उभी राहते.
हळद पण नव्यानं फुटली पिशव्यांतून. ऊस मात्र गेला तो गेला. पुन्हा लावू.

९ मे
सेनगावच्या कॉलेजातून बायोलॉजीच्या मॅडम आल्या होत्या, मुलींना घेऊन. कुणाकडून तरी ऐकलं. कोठीसकट सगळं सांगितलं. एका मुलीनं विचारलं, मका आधी का गेला, तो सी-फोर म्हणून, की नुसता कोवळा होता म्हणून? 
खरंच की. कप एवढासा, रोप एवढंसं. जुनी ज्वारी ठेवली असती तर? मॅडम म्हणाल्या, आम्हालाही सांगता येणार नाही, करून बघावं लागेल. 
कोठी परत रिकामी करावी लागणार. ह्या वेळी सासूबाईंच्या फोटोला सांगून.

१६ जून
तांड्यावर लागण. हवा ढगाळ, अंगाला बरी. सकाळपासून बाया खांबाखांबाशी, प्रत्येक खांबाला चार रोपं, सुतळीनं बांधून. शेवंताबाई लुगडं खोचून सगळ्यांवर ओरडत होत्या, हळू, लेकरू हाय ते. आरशाचं काम केलेली कांचळी घालून एक म्हातारी फक्त बघायला आलेली, तिनंही शेवटी दोन बांधली.
मारोतरावांनी टेम्पो दिला होता. भाडं विचारलं तर रागावले.
खांबांच्या रांगा टेकडीपर्यंत. सगळे हिरवे. मी टेकडीवर चढून ओरडले, शब्द काही नव्हते, नुसतीच ओरडले. खालून सगळ्या बाया ओरडल्या.

२ ऑगस्ट
तांड्यावर जाऊन आले. वाढ जोरात, काही टायरपर्यंत पोचलीत. 
बांधाकडच्या एका खांबावर काट्यांच्या बुडात फुगवटा आलाय. वाटाण्याएवढा, टोकाला लालसर. शेवंताबाईंनी हाताला धरून नेलं. "कळी हाय ना?"
इतक्यात कळी येत नाही सहसा. पण कटिंग पिकल्या झाडाचं होतं, तर येऊही शकते. सुरुवातीला कळी अन् फांदी सारखीच दिसतात. गोल राहिला तर कळी. धारी पडल्या तर फांदी.
गयाबाई अन् रुक्मिण पण आल्या होत्या, टेम्पोत बसून, फिरायला म्हणून. गयाबाई म्हणाल्या, कळीच. रुक्मिण म्हणाली, फांदी, पैज लावते. तांड्यावरच्या बायांत दोन पक्ष पडले, भांडण वाढलं, कुणीतरी चहा ठेवला. मला विचारलं, ताई, तुमी सांगा. 
वाकून जवळून बघितलं. बराच वेळ. गोल वाटतो. पण एका बाजूनं धार धरल्यासारखा. म्हटलं, आठवड्यानं परत येते, तोवर दोन्ही पक्षांनी चहा प्यावा.